तिच्या नावाचा कागद

२२ जून १९९८ रोजी हेगमधल्या, माजी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात एका खटल्याची सुनावणी संपली. आरोपी अंतो फुरुंजिया हा मध्य बोस्नियातल्या क्रोएट सैन्याच्या लष्करी पोलिसांपैकी एका खास तुकडीचा स्थानिक प्रमुख होता. मुख्य साक्ष एका बाईची होती. तिची ओळख जपायची म्हणून कागदोपत्री तिला ‘साक्षीदार अ’ एवढंच म्हटलं जात होतं. ती येऊन सांगून गेली, उलटतपासणी झाली, आता निकाल तेवढा यायचा होता.

आठवड्याने, २९ जूनला, अभियोग पक्षाने बचावाच्या वकिलांना दोन कागद दिले. पहिला होता ११ जुलै १९९५ या तारखेचा दाखला. दुसरा होता एका मानसशास्त्रज्ञाचा जबाब, १६ सप्टेंबर १९९५चा. दोन्ही कागद झेनित्सा शहरातल्या ‘मेडिका’ या स्त्रियांच्या उपचार केंद्रातून आलेले, आणि दोन्ही साक्षीदार अ हिच्याबद्दलचे. ती मेडिकात येत होती, तिच्यावर मानसिक आघाताचे उपचार झाले होते, असं त्यांतून कळत होतं.

बचाव पक्षाने लगेच अर्ज केला. या बाईचं मन आजारी होतं, आठवण बिघडलेली होती आणि हे आमच्यापासून लपवलं गेलं, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशांनी संपलेला खटला पुन्हा उघडला.

मी स्त्रियांच्या समुपदेशन केंद्रात काम करते. केंद्रात नव्याने येणाऱ्या मुलींच्या प्रशिक्षणात गेली काही वर्षं मी हेच प्रकरण घेते. त्याला निमित्त घडलं जुलै २०२३मध्ये. मणिपूरमध्ये ४ मेला जमावाने बायकांची विवस्त्र धिंड काढली, त्याचा व्हिडिओ १९ जुलैला सगळ्यांच्या मोबाइलवर आला. आमच्या एका कार्यकर्तीने तो कळवळून केंद्राच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, “सगळ्यांनी पुढे पाठवा, लोकांना कळू दे.” त्यातल्या बायकांचे चेहरे दिसत होते. मी तिला फोन करून तो काढायला लावला. ती रडवेली झाली आणि म्हणाली, “ताई, मग इतक्या लांबून आपण करायचं तरी काय?” तिचा प्रश्न खरा होता, आणि माझ्याकडे एका वाक्यात द्यायला उत्तर नव्हतं. म्हणून मी तिला झेनित्साची गोष्ट सांगितली.

लांबून काय दिसत होतं

युगोस्लाव्हिया फुटला आणि १९९२च्या एप्रिलात बोस्नियात युद्ध पेटलं. ऑगस्टमध्ये अमेरिकी पत्रकार रॉय गटमन यांच्या बातम्यांमधून छळछावण्या आणि त्यापाठोपाठ बलात्कारांची माहिती जगापुढे आली. पूर्व बोस्नियातल्या फोचासारख्या गावांत शाळा, क्रीडागृह, रिकामी घरं ताब्यात घेऊन तिथे मुस्लिम बायका-मुलींना महिनोन्महिने डांबलं जात होतं. बलात्कार सगळ्याच बाजूंच्या सैनिकांनी केले. पण सर्वाधिक संख्येने आणि सर्वांत आखणीपूर्वक ते बोस्नियन सर्ब फौजांनी केले, मुस्लिम वस्तीला गाव सोडायला लावण्यासाठी. हेगच्या निकालांतून पुढे हे पुराव्यानिशी मांडलं गेलं.

१८ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ७९८ क्रमांकाचा ठराव करून या बलात्कारांचा निषेध केला. युरोपीय समुदायाने ब्रिटिश मुत्सद्दी ॲन वॉरबर्टन यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठवलं. त्यांचा अंदाज होता सुमारे २०,००० स्त्रियांचा. बोस्नियाचं सरकार ५०,००० सांगत होतं. वर्तमानपत्रांतून जो तो आपल्याला पटेल तो आकडा उचलत होता.

याच काळातलं एक काम मला फार मोलाचं वाटतं, आणि ते फारसं कुणाला ठाऊक नाही. जानेवारी १९९३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या डॉक्टरांचं एक पथक तिथे गेलं. आकडा काढण्यासाठी या पथकाने बायकांना रांगेत उभं केलं नाही. रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. बलात्कारातून राहिलेल्या ११९ गर्भधारणांची नोंद त्यांना सापडली. एका संबंधातून गर्भ राहण्याचं प्रमाण साधारण शंभरात एक धरलं, तर या ११९ मागे सुमारे १२,००० बलात्कार झाले असावेत, असा हिशेब त्यांनी मांडला. व्याप्ती समजावी एवढ्यापुरताच हा आकडा घ्या, असंही त्यांनी स्वतःच बजावलं. त्या एका आकड्यासाठी कुणाही बाईला पुन्हा तोंड उघडावं लागलं नाही.

बाकी बऱ्याच ठिकाणी उलटं चाललं होतं. झाग्रेबमध्ये निर्वासितांच्या छावण्यांत परदेशी पत्रकार दुभाषे घेऊन फिरत आणि बलात्कार झालेली बाई शोधत. एकाच बाईला चार-चार वेळा तेच सांगावं लागे. कुणी मदतीचं आश्वासन देई, कुणी नुसताच फोटो काढून निघून जाई.

झाग्रेबमधल्या स्त्री संघटनांमध्येही दुफळी झाली. एका गटाचं म्हणणं, हे सर्बांनी केलेलं वंशहत्येचं हत्यार आहे, तसंच त्याचं नाव घ्या. दुसऱ्या गटाचं म्हणणं, गुन्हेगार कोण हे सांगूच, पण आपल्या बाजूच्या राष्ट्रवाद्यांच्या हाती या बायकांच्या जखमांचे झेंडे देणार नाही. परदेशातल्या नामवंत स्त्रियांनी यात बाजू घेतल्या. अमेरिकेतल्या कायदेपंडित कॅथरीन मॅकिनन पहिल्या गटाबरोबर उभ्या राहिल्या. त्यांनी बोस्नियन स्त्रियांच्या वतीने न्यूयॉर्कच्या न्यायालयात थेट बोस्नियन सर्बांचा नेता रादोवान कराजिच याच्यावर दिवाणी दावा लावला. १९९३मध्ये तो संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी न्यूयॉर्कला आलेला असताना त्याच्यावर समन्स बजावलं गेलं. ऑगस्ट २०००मध्ये ज्युरीने ७४ कोटी ५० लाख डॉलर भरपाई ठरवली. तेव्हा कराजिच फरार होता.

बेलग्रेडमधल्या बायकांचाही उल्लेख करायलाच हवा. ज्या शहरातून हे युद्ध चालवलं जात होतं, तिथेच ९ ऑक्टोबर १९९१पासून काही स्त्रिया काळे कपडे घालून दर आठवड्याला भर चौकात मूकपणे उभ्या राहत. लोक त्यांच्यावर थुंकत, देशद्रोही म्हणत. स्ताशा झायोविच आणि लेपा म्लाजेनोविच या त्यांच्यातल्या पुढाकार घेणाऱ्या. १९९३च्या अखेरीस त्यांच्यातल्याच काहींनी बेलग्रेडमध्ये लैंगिक हिंसा झालेल्या स्त्रियांसाठी केंद्रही उघडलं. ‘लांबून’ या शब्दाचा विचार करताना मला या बायका आठवतात. मैलांत मोजलं तर त्या जवळ होत्या. पण गुन्हा करणाऱ्यांच्या बाजूला जन्माला आल्यामुळे पलीकडच्या बाईपर्यंत पोचायला त्यांना जे अंतर तोडावं लागलं, तेवढं जर्मनीतून येणाऱ्यांनाही लागलं नसेल.

एसेनची डॉक्टर

मोनिका हाउझर या स्वित्झर्लंडमध्ये वाढलेल्या, इटालियन नागरिकत्व असलेल्या आणि जर्मनीत एसेनच्या रुग्णालयात काम करणाऱ्या तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ. १९९२च्या शेवटी एका जर्मन नियतकालिकात त्यांनी बोस्नियातल्या बलात्कारांवरचा लेख वाचला. त्यांना त्या बातमीचा संताप आला, आणि ती ज्या पद्धतीने छापली गेली होती तिचाही. हिंसा झालेल्या बायकांशी रुग्णालयातले डॉक्टरच कसं वागतात, हे त्यांनी जर्मनीतच पाहिलं होतं. अंगाला हात लावण्याआधी विचारायचं नाही, घाई करायची, बाई आक्रसली की तिलाच दटावायचं. मग युद्धातून आलेल्या बाईचं काय होईल?

त्या वेळी हाउझर ३३ वर्षांच्या होत्या. डिसेंबर १९९२मध्ये त्या झाग्रेबमार्गे मदतीच्या ताफ्याबरोबर झेनित्साला पोचल्या. सारायेवोच्या वायव्येला असलेलं हे पोलादाच्या कारखान्याचं शहर. १९९१च्या जनगणनेत झेनित्सा नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे १,४५,००० माणसं होती. आता त्यात निर्वासितांचे लोंढे येऊन मिळाले होते. शाळा, हॉल, जागा मिळेल तिथे कुटुंबं पथारी टाकून होती.

हाउझर यांच्या हातात एक ठरलेली योजना होती का, तर नाही. त्यांनी आधी चौकशी केली. शहरात कोण डॉक्टर आहेत, कोण मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्यापैकी कोण हे काम करायला तयार होतील. सुमारे वीस स्थानिक तज्ज्ञ स्त्रिया तयार झाल्या. तिथल्या परिचारिका, तिथल्या डॉक्टर, तिथली भाषा. त्यांच्यातल्या बहुतेक मुस्लिम होत्या, पण क्रोएट आणि सर्ब स्त्रियाही होत्या, आणि बाहेर याच ओळखींवरून माणसं मारली जात असताना त्यांनी एकत्र काम करायचं ठरवलं. मग हाउझर जर्मनीला परतल्या, बायकांच्या संघटनांकडून पैसे उभे केले, औषधं आणि उपकरणं मिळवली आणि ती घेऊन पुन्हा आल्या. ४ एप्रिल १९९३ला मेडिका सुरू झालं.

इथली एक गोष्ट मी प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ घेऊन सांगते. मेडिकात आधी स्त्रीरोगांचा दवाखाना होता. कुठल्याही बाईला तिथे येता येई. पाळीची तक्रार, अंगावरून जाणं, पोटात दुखणं, गर्भ. दारावर ‘बलात्कारपीडितांसाठी’ अशी पाटी नव्हती. म्हणून आत शिरणाऱ्या बाईकडे बघून शेजारणीला काही ओळखता येत नसे. तपासताना बाईला विचारून, सांगून, तिच्या गतीने तपासत. तिला सांगावंसं वाटलं तर शेजारच्या खोलीत बोलायला कुणीतरी असे. सांगावंसं वाटलं नाही, तर औषध घेऊन ती घरी जाई, आणि तेही चालत असे. ज्यांना राहायला जागा नव्हती त्यांच्यासाठी निवास होता, मुलांची सोय होती. गर्भपात हवा असणाऱ्यांना तो मिळे. मूल होऊ द्यायचं ठरवणाऱ्यांना बाळंतपणासाठी आधार मिळे. पुढे फिरता दवाखाना सुरू झाला आणि तो निर्वासितांच्या वस्त्यांमध्ये जाऊ लागला.

आपल्याकडेही दवाखान्यात अशी वाट करून दिली की बायका बोलतात, हे माझ्या अनुभवाचं आहे. ‘कौटुंबिक हिंसाचार’ असं लिहिलेल्या टेबलापाशी दिवसभर कुणी फिरकत नाही. रक्तदाब मोजायच्या टेबलापाशी मात्र त्याच बायका बसतात आणि अचानक बांगडी मागे सारून हातावरचा वळ दाखवतात.

हाउझर यांच्या कामात ‘लांबून आलेली’ बाई काय करत होती, तर पैसे, औषधं आणि जर्मनीत दबाव. बोलणाऱ्या, ऐकणाऱ्या, ठरवणाऱ्या बायका झेनित्साच्या होत्या. पुढे ही संस्था पूर्णपणे स्थानिक झाली. हाउझर यांनी कोलोनमधून दुसरी संस्था चालवली आणि इतर युद्धांतल्या स्त्रियांसाठी काम सुरू केलं.

लाश्वाचं खोरं

मेडिका उघडून बारा दिवस झाले आणि १६ एप्रिल १९९३च्या पहाटे झेनित्सापासून जवळच्याच लाश्वा खोऱ्यातल्या आहमिची गावात क्रोएट फौजांनी शंभराहून अधिक मुस्लिम गावकऱ्यांना मारलं. कालपर्यंत सर्बांविरुद्ध एकत्र लढणारे मुस्लिम आणि क्रोएट आता एकमेकांवर उठले. १९ तारखेला झेनित्साच्या मध्यभागी तोफगोळे पडले. रस्ते बंद झाले आणि जर्मनीतून येणाऱ्या मदतीची वाटही बंद झाली.

मे महिन्यात वितेझजवळच्या नादिओची इथे, फुरुंजियाच्या ‘जोकर’ नावाच्या तुकडीने तळ केलेल्या एका बंगल्यात, साक्षीदार अ हिला नेलं गेलं. फुरुंजिया तिची चौकशी करत होता. तो प्रश्न विचारत असताना दुसरा सैनिक तिच्यावर अत्याचार करत होता. तिच्या अंगाला फुरुंजियाने हात लावला नव्हता. मी याहून अधिक लिहीत नाही. निकालपत्र सगळ्यांसाठी खुलं आहे, पण तिच्या वेदनेचा तपशील इथे दिल्याने हे प्रकरण कळायला काही मदत होणार नाही.

ऑगस्टमध्ये तिची सुटका झाली. त्यानंतर कधीतरी ती मेडिकापर्यंत पोचली.

दाखल्यावरची ११ जुलै १९९५ ही तारीख मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थबकले. त्याच दिवशी पूर्व बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा हे मुस्लिमबहुल शहर बोस्नियन सर्ब फौजांच्या हाती पडलं. तिकडे हजारो बायका-मुलं बसमध्ये कोंबली जाण्याच्या वाटेवर होती, आणि इकडे झेनित्सात कुणीतरी एका बाईच्या उपचारांचा दाखला लिहीत होतं. असा दाखला सहसा बाईच्या भल्यासाठीच लिहिला जातो. मीही असे दाखले लिहिले आहेत. पुनर्वसनासाठी, निवाऱ्यासाठी, कधी कोर्टासाठी. लिहिताना समोर ती बाई असते. तीन वर्षांनी तोच कागद कुणाच्या हातात असेल, हे त्या वेळी डोक्यात येत नाही.

कागद उलटला

बचाव पक्षाचा सगळा रोख या कागदांवर होता. आघातानंतरचा मानसिक ताण असलेल्या व्यक्तीची आठवण विश्वासार्ह नसते आणि उपचारांमुळे तिच्या मनात गोष्टी पेरल्या गेल्या असतील, असा त्यांचा युक्तिवाद. न्यायालयाने मेडिकाकडूनही कागदपत्रं मागवली. न्यायाधीशांनी ती आधी आपल्या दालनात बंद दाराआड तपासली. दोन्ही बाजूंनी मनोविकारतज्ज्ञ उभे केले. आपलं मन कसं चालतं यावर अनोळखी माणसं भांडत असताना ती बाई कशी झोपली असेल, हा विचार मला सोडत नाही.

इथे लांबून आलेल्या मदतीचा दुसरा प्रकार दिसतो. स्त्रीहक्कांच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या काही जणींनी न्यायालयाला लेखी निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा असा की बलात्कारानंतर समुपदेशकाशी बोललेलं उघडं करण्याची सवय न्यायालयांनी लावली, तर पुढच्या बायका एकतर उपचार तरी घेणार नाहीत, नाहीतर साक्ष तरी देणार नाहीत. त्यांच्यापैकी कुणी बोस्नियाला गेलेली असो वा नसो, त्यांना नेमकं कुठे बोलायचं ते कळलं होतं. एवढ्याच एका मुद्द्यावर त्या बोलल्या.

आरोपीचा हक्क खोटा नव्हता, हेही मला सांगितलं पाहिजे. अभियोग पक्षाने कागद वेळेत दिले नाहीत ही चूक गंभीर होती, आणि न्यायाधीशांनी तसं स्पष्ट म्हटलं. माणसाला वर्षानुवर्षं तुरुंगात टाकायचं तर त्याच्या वकिलाला सगळा पुरावा दिसलाच पाहिजे. माझी तक्रार त्या हक्काविषयी नाही. त्या कागदात काय लिहायचं, तो कुठे जाईल, हे त्या बाईला कुणी आधी विचारलं होतं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

१० डिसेंबर १९९८ला निकाल लागला. झांबियाच्या न्यायमूर्ती फ्लोरेन्स मुम्बा अध्यक्षस्थानी होत्या. बरोबर इटलीचे अंतोनिओ कासेसे आणि ब्रिटनचे रिचर्ड मे. आघाताचा मानसिक त्रास असलेली व्यक्ती पूर्णपणे विश्वासार्ह साक्षीदार असू शकते, असं त्यांनी नोंदवलं. अशा भयंकर प्रसंगातून गेलेल्या बाईला प्रत्येक बारकावा क्रमवार आठवेल अशी अपेक्षा करता येत नाही, उलट सांगण्यातल्या किरकोळ विसंगती साक्ष पढवलेली नसल्याचीही खूण असू शकतात, असंही. हात न लावता शेजारी उभं राहून प्रश्न विचारणारा फुरुंजिया छळात सहभागी ठरला आणि बलात्काराला साहाय्य केल्याबद्दलही दोषी ठरला. शिक्षा दहा वर्षं.

अपिलात त्याने न्यायमूर्ती मुम्बांवरच आक्षेप घेतला. त्या पूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांच्या दर्जाविषयक आयोगावर होत्या, म्हणून पक्षपाती, असं त्याचं म्हणणं. जुलै २०००मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळलं. सात महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २००१ला, मुम्बांच्याच अध्यक्षतेखाली फोचाचा निकाल लागला आणि तिघांना २८, २० आणि १२ वर्षांच्या शिक्षा झाल्या. बलात्कार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून या न्यायाधिकरणाने त्या दिवशी पहिल्यांदा सिद्ध मानला.

त्याआधी कायद्याची भाषा काय होती? १९४९च्या चौथ्या जिनिव्हा करारात युद्धकाळातल्या बलात्काराचा उल्लेख येतो तो स्त्रियांच्या ‘अब्रूवरचा हल्ला’ म्हणून. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आपल्या वर्तमानपत्रांनी ‘अब्रू लुटली’ वर्षानुवर्षं छापलं. जणू गेलं ते घराण्याचं काहीतरी, आणि बाई ही त्याची नुसती डबी.

इथे मला मथुरा नावाच्या मुलीची आठवण होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या गडचिरोलीतल्या, देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२मध्ये या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. सप्टेंबर १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. दिल्ली-पुण्यातून लिहिलेलं ते पत्र. त्यातून देशभर आंदोलन उठलं आणि १९८३मध्ये कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने दंड संहितेत कलम २२८अ आलं, बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं गुन्हा ठरवणारं. आमच्या कार्यकर्तीला तो व्हिडिओ काढायला लावताना माझ्यापाशी हाच आधार होता. पण मला हेही बोचतं की ज्या मुलीच्या प्रकरणातून हे कलम आलं, तिला मात्र आपण सगळे आजही तिच्या प्रकरणाच्या नावानेच ओळखतो.

हेगच्या खटल्याचा पुढे उपयोग झाला. २००२मध्ये स्थायी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे नियम झाले, तेव्हा डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक यांच्याशी पीडितेने बोललेल्या गोष्टींची गोपनीयता न्यायालयाने विशेष लक्षात घ्यावी, असं त्यांत लिहिलं गेलं.

पदक आणि पेन्शन

१९९६मध्ये जर्मनीने मोनिका हाउझर यांना देशाचा मानाचा पुरस्कार देऊ केला. त्याच सुमारास जर्मनीच्या राज्यांच्या गृहमंत्र्यांनी बोस्नियन निर्वासितांना परत पाठवायचं ठरवलं होतं. हाउझर यांनी पदक नाकारलं. ज्या बायकांच्या नावाने मला पदक देता, त्यांनाच घालवून देता, हे त्यांना मान्य नव्हतं. पुढे २००८मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार त्यांनी स्वीकारला. लांबून मदत करणाऱ्यांची पहिली जबाबदारी आपल्याच सरकारला विचारण्याची असते, हे त्यांच्या या एका नकारातून मला सर्वांत स्पष्ट कळलं. बोस्नियाच्या बाईला झेनित्सात औषध मिळालं पाहिजे, आणि जर्मनीच्या दारात ती आली तर तिला आत घेतलंही पाहिजे.

युद्धानंतर बोस्निया दोन भागांत विभागला गेला. त्यातल्या मुस्लिम-क्रोएटबहुल भागाने, म्हणजे फेडरेशनने, २००६मध्ये कायदा बदलून युद्धात लैंगिक हिंसा झालेल्या स्त्रियांना ‘युद्धातल्या नागरी बळी’ म्हणून मासिक मदतीचा हक्क दिला. युद्ध संपून अकरा वर्षं झाली होती. देशाच्या दुसऱ्या भागात, सर्बबहुल रेपुब्लिका स्रप्सकात, यासाठी २०१८ उजाडलं. म्हणजे अत्याचार एकाच युद्धात झाले, पण मदत कुणाला कधी, हे तिचं घर सीमेच्या कुठल्या बाजूला यावर ठरलं. आणि हा हक्क मिळवायला बाईला पुन्हा कागद दाखवावा लागला, तिच्यावर अत्याचार झाला असं कुणीतरी प्रमाणित केलेला. हेगमध्ये साक्षीदार अ हिच्यावर उलटला तसलाच कागद इथे बायकांच्या पेन्शनचा आधार झाला.

युद्धाला वीस वर्षं झाली तेव्हा मेडिकाने आणि कोलोनच्या संस्थेने मिळून ५१ स्त्रियांशी बोलून अभ्यास केला. त्यांच्यापैकी ७० टक्क्यांहून अधिक जणींनी सांगितलं की त्या घटनेची छाया अजूनही सगळ्या आयुष्यावर आहे. ही माहितीही या बायकांनीच दिली. पण विचारणारी संस्था वीस वर्षं त्यांच्याच गावात होती, आणि उद्याही असणार होती. झाग्रेबच्या छावणीत दुभाषा घेऊन आलेल्या माणसाला दिलेल्या उत्तरापेक्षा हे सांगणं वेगळं आहे.

मेडिका आजही झेनित्सात आहे. युद्धानंतर तिथे घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेऊन बायका येऊ लागल्या, त्यांच्यासाठी सुरक्षित घर आहे.

आमच्या केंद्रात

ही गोष्ट सांगून झाली की मी मुलींना एक कोरा केस पेपर देते. एक काल्पनिक प्रसंग सांगते आणि नोंद लिहायला सांगते. पहिल्या वेळी बहुतेक जणी लिहितात, “सांगताना गोंधळलेली वाटली,” “नीट आठवत नाही म्हणाली,” “भावनिकदृष्ट्या अस्थिर.” सगळं सदिच्छेने लिहिलेलं. मग मी तीच नोंद उभी राहून, समोरच्या वकिलाच्या आवाजात, सावकाश वाचते. “म्हणजे तुमच्या केंद्राच्याच म्हणण्यानुसार ही बाई अस्थिर होती?”

खोली शांत होते. मग पेनं हलू लागतात. ‘अस्थिर’ खोडलं जातं, त्याजागी येतं, ‘तीन वेळा पाणी मागितलं, बोलताना हात थरथरत होते.’ कुणीतरी विचारतं, “ताई, हे सगळं लिहायलाच हवं का? तिला विचारलं तर?” तेव्हा मी दुसरा कागद काढते. त्यावर बाईने स्वतः काय लिहू द्यायचं आणि काय नाही ते ती सांगते, खाली तिची सही किंवा अंगठा असतो. नोंद लिहायच्या आधी तो भरायचा, आणि ज्या रकान्यापुढे तिने ‘नाही’ म्हटलं, तो कोरा ठेवायचा.

गेल्या खेपेला त्या व्हिडिओवाल्या कार्यकर्तीनेच हा भाग घेतला. तिने कोरा केस पेपर हातात धरला आणि समोरच्या मुलींना विचारलं, “यात पहिल्यांदा काय लिहाल?” एकीने पटकन सांगितलं, “नाव.” ती म्हणाली, “आधी तिला विचारा.”